ओसाड जागांनाही वारस असतात



हनुक्का झाला की परदेशातल्या आपल्या कुटुंबांची कोकणवारी सुरू होते. गेटवेहून बोटीत बसायचं, मांडव्याला उतरायचं, गाडी करायची आणि आडनावातलं गाव शोधायला निघायचं. केहिमकर किहीमला जातात, पेणकर पेणला, रोहेकर रोह्याला, नवगावकर नवगावला. गावात विचारलं की एखादे आजोबा हात करून दाखवतात: तिकडे, वाडीच्या पलीकडे, रान माजलंय ना, तीच तुमच्या लोकांची जागा.

हा लेख त्या रान माजलेल्या जागांबद्दल आहे. त्या ओसाड कशा पडल्या, कागदावर त्या कोणाच्या आहेत, आत जायचं तर काय रीत आणि काय कायदा, आणि जाऊन सुखरूप परत कसं यायचं, एवढं सांगायचं आहे. आयुष्य नर्सिंगमध्ये गेलं, त्यामुळे शेवटच्या मुद्द्यावर जरा जास्त बोलेन. सांभाळून घ्या.

गावं रिकामी कशी झाली

आपली परंपरा सांगते की नवगावच्या किनाऱ्याजवळ गलबत फुटलं आणि सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या. हाईम शमुवेल केहिमकरांनी हा काळ इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातला धरला. त्यांनी आपला इतिहास 1897 साली लिहून पुरा केला, पण तो छापून निघाला 1937 साली, तेल अवीवला. बुडालेल्यांना नवगावला पुरलं, अशी समजूत आहे. तिथल्या दफनभूमीतले मोठे उंचवटे त्यांचेच म्हणून दाखवतात, आणि आता तिथे स्मारकस्तंभही उभा आहे.

परंपरा बाजूला ठेवून लेखी पुरावा पाहिला तर 1768 साली कोचीनच्या यहेज्केल राहाबींनी आम्स्टरडॅमला पाठवलेल्या पत्रात कोकणातल्या आपल्या लोकांचा उल्लेख येतो: खेड्यापाड्यांत विखुरलेले, तेल गाळणारे, शब्बाथ पाळणारे आणि शेमा म्हणणारे. गावकरी आपल्याला 'शनवार तेली' म्हणत. शनिवारी घाणा बंद, ही ओळख पुरेशी होती. शंभराहून अधिक गावांची नावं आज आपल्या आडनावांत आहेत. त्यातल्या कितीतरी गावांत आज आपलं एकही घर नाही.

ही गावं एका दिवसात रिकामी झाली नाहीत. पहिली माणसं अठराव्या शतकातच मुंबईला गेली. कंपनीच्या पलटणीत शिपाई, हवालदार, सुभेदार झाली. सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजे शमुवेल यहेज्केल, पलटणीतलेच. त्यांनी 1796 साली मुंबईत 'शाआर हारहमीम' बांधली, जिला आपण आजही जुनी मशीद म्हणतो. पुढे सैन्यात जातवार भरती सुरू झाली आणि आपली संख्या थोडी म्हणून ती वाट अरुंद झाली. मग रेल्वे, पोस्ट, कचेऱ्या, सुतारकाम, शिक्षकी आणि आमचं नर्सिंग. गावात म्हातारी माणसं आणि घाणे उरले.

तरीही एकोणिसाव्या शतकात कोकणात मशिदी उभ्या राहत होत्या. रेवदंड्याची 'बेथ एल' 1842 ची, अलिबागच्या इस्राएल आळीतली 'मागेन आबोथ' 1848 ची आणि 1910 मध्ये पुन्हा बांधलेली, पनवेलची 'बेथ एल' 1849 ची, पेणची 'बेथ हाएलोहीम' 1863 ची. मुंबईत कमावलेल्या पैशाने गावाकडे देऊळ बांधणारा चाकरमानी कोकणात घरोघरी सापडतो. आपलेही त्याच पठडीतले.

मग 1948 साली इस्राएल राष्ट्र झालं. भारत स्वतंत्र झाला तेव्हा आपण साधारण वीस हजार होतो. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत बहुतेक घरं अलिया करून गेली. आज भारतात चार-पाच हजार उरलो, तेही मुख्यतः मुंबई, ठाणे आणि आसपास. माणसं गेली, घरं विकली गेली, घाणे मोडले. विकता आणि नेता आल्या नाहीत त्या फक्त कबरी. म्हणून आज गावाच्या कडेला, माडांच्या आणि करवंदीच्या जाळीआड, आपली सगळ्यात जुनी खूण म्हणजे दफनभूमी.

मातीचं एक शहर

ओसाड पडलेली जागा टिकणार की जाणार, हे कशावर ठरतं? त्याचं एक उदाहरण माझ्यासमोर आहे, कारण सध्या मी लेकीकडे रियाधला आहे.

रियाधच्या वेशीवर दिरिया आहे. तिथला अत-तुरैफ हा भाग म्हणजे कच्च्या विटांचं आणि मातीच्या गिलाव्याचं जुनं शहर, पहिल्या सौदी राज्याची राजधानी. 1818 साली इब्राहिम पाशाच्या फौजेने वेढा घालून ते घेतलं आणि पाडलं. पुढे राजधानी रियाधला गेली आणि दिरियातल्या त्या भिंती उन्हात तशाच राहिल्या. 2010 साली युनेस्कोने त्यांचा जागतिक वारसा म्हणून समावेश केला. आज तिथे ठरलेल्या वाटेवरूनच चालायचं, भिंतीवर चढायचं नाही, पडकी खोली दिसली म्हणून आत शिरायचं नाही. सौदी कायद्यात जुन्या वस्तू सरकारच्या मालकीच्या असतात. परवानगीशिवाय खणणं गुन्हा आहे, आणि काही सापडलं तर कळवावं लागतं.

दोनशे वर्षांपूर्वी पाडलेली माती टिकली, कारण ती कोणाची आहे याबद्दल शंका राहिली नाही आणि तिथे पहारा बसला. कोकणातल्या आपल्या जागांवर पहारा नाही. बऱ्याच ठिकाणी कुंपणही नाही. पण मालक नाही असं समजू नका. मालक आहे, वारसही आहे, फक्त तो हैफा, अश्दोद, लंडन किंवा टोरांटोला राहतो. म्हणून वर्षा-दोन वर्षांतून जो येतो, त्याने कसं यावं याला एवढं महत्त्व.

निघण्याआधी: जागा कोणाची ते पाहा

दफनभूमी तीन प्रकारे असू शकते. एखाद्या सिनेगॉगच्या ट्रस्टच्या नावावर, सरकारी किंवा गावच्या जमिनीत आपल्या वापरासाठी राखलेली, किंवा खाजगी वाडीच्या आत, फक्त वहिवाटीने चालत आलेली. तिन्हींसाठी परवानगी वेगवेगळ्या माणसाकडून घ्यायची असते.

हे शोधण्यासाठी कोकणात यावं लागत नाही. सातबारा उतारा 'महाभूलेख'वर घरबसल्या पाहता येतो. जिल्हा, तालुका, गाव आणि गट नंबर हवा. गट नंबर माहीत नसेल तर जवळच्या सिनेगॉगच्या मुकादमांना किंवा गावच्या तलाठ्याला विचारा. उताऱ्यात कब्जेदाराचं नाव आणि 'इतर हक्क' हा रकाना नीट वाचा. दफनभूमीची, वाटेची किंवा विहिरीची नोंद बहुधा त्या रकान्यात असते. गावठाणातली जागा असेल तर सातबाऱ्याऐवजी मिळकत पत्रिका लागते.

एक लक्षात ठेवा: 1981 पर्यंत रायगड जिल्ह्याचं नाव कुलाबा होतं. आजोबांच्या कागदावर 'कुलाबा' असेल तर मुंबईतला कुलाबा समजून भलतीकडे शोधू नका. त्याहून जुने कागद मोडीत असतात. मोडी वाचणारी माणसं आजही आहेत, त्यांच्याकडून वाचून घ्या. 1883 साली छापलेल्या मुंबई गॅझेटियरच्या कुलाबा आणि जंजिऱ्याच्या खंडात आपल्या लोकांचं वर्णन आहे, तेही निघण्याआधी वाचावं.

जागा ट्रस्टची असेल तर तिच्यामागे कायदा उभा आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम 1950 प्रमाणे नोंदलेल्या ट्रस्टची जमीन धर्मादाय आयुक्तांच्या मंजुरीशिवाय विकता येत नाही. विश्वस्तांनाही नाही. ट्रस्टच्या मालमत्तेची यादी धर्मादाय कार्यालयात असते. आपली दफनभूमी त्या यादीत आहे की नाही, हा प्रश्न प्रत्येक कुटुंबाने एकदा तरी पत्र लिहून विचारावा. जागेवर कुंपण पडल्यानंतर रडण्यापेक्षा हे पत्र स्वस्त पडतं. 2016 साली महाराष्ट्र सरकारने यहुदी समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिला, त्याचाही पत्रात उल्लेख करावा.

परवानगीची रीत

सिनेगॉगला कुलूप दिसलं आणि खिडकी मोडकी दिसली, तरी खिडकीतून आत जायचं नाही. किल्ली कोणाकडे तरी असते. बहुतेक वेळा शेजारच्या घरात असते, आणि ते घर आपलं नसतं. कोळी, आगरी, मुसलमान, भंडारी अशा शेजाऱ्यांनीच कितीतरी वर्षं आपल्या जागांवर लक्ष ठेवलं आहे. त्यांच्या दारात आधी जायचं, चहा घ्यायचा, आपण कोणाच्या घरातले ते सांगायचं. मग ते स्वतःच कोयता घेऊन पुढे चालतात आणि वाट करून देतात. हीच खरी परवानगी आणि हाच सगळ्यात चांगला वाटाड्या. वाट साफ करणाऱ्याला दिवसाची मजुरी द्या, ओशाळून थोडे पैसे पुढे करू नका.

आता कायदा. 1 जुलै 2024 पासून जुन्या दंडसंहितेऐवजी भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या कलम 301 प्रमाणे, कोणाच्या भावना दुखावतील हे ठाऊक असून दफनभूमीत अनधिकृत शिरणं हा गुन्हा आहे, शिक्षा एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. हे कलम आपलंही रक्षण करतं. दफनभूमीत दारूच्या बाटल्या घेऊन बसणाऱ्यांविरुद्ध तक्रार देताना ते उपयोगी पडतं. आणि वाटेत दुसऱ्या समाजाची स्मशानं, दर्गे लागतात, तिथे ते आपल्यालाही लागू आहे.

रेवदंडा-मुरूड रस्त्याच्या बाजूला डोंगरावर फणसाड अभयारण्य आहे, पूर्वीचं जंजिऱ्याच्या नवाबांचं शिकारीचं रान, 1986 पासून अभयारण्य. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 प्रमाणे अभयारण्यात वनखात्याच्या परवान्याशिवाय जाता येत नाही. 'जवळची वाट आहे' म्हणून बोर्लीकडून रानात शिरू नका. राखीव जंगलालाही भारतीय वन कायदा 1927 लागू आहे, तिथून साधी काठी तोडायची तरी विचारावं लागतं.

अलिबागचा कुलाबा किल्ला आणि मुरूडचा जंजिरा हे केंद्रीय पुरातत्त्व खात्याकडे आहेत. अशा संरक्षित वास्तूचं नुकसान केलं, नाव कोरलं, तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

परदेशातून येणाऱ्यांसाठी तीन गोष्टी वेगळ्या सांगते, कारण यात भली माणसं अडकतात.

पहिली: डोंगरात फिरणारे लोक हल्ली उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र जवळ ठेवतात. भारतात ते परवान्याशिवाय आणणं आणि वापरणं बेकायदा आहे. विमानतळावर ते सापडल्याने परदेशी प्रवाशांना अटक झालेली आहे. ते घरीच ठेवा, साधा फोन पुरतो. ड्रोनलाही नोंदणी आणि नियम आहेत, किनाऱ्यावर तर जास्तच. तोही आणू नका.

दुसरी: ओसीआय कार्ड असलं तरी 2021 च्या अधिसूचनेप्रमाणे संशोधन आणि पत्रकारितेसाठी वेगळी परवानगी लागते. आजीच्या कबरीवर जाणं म्हणजे संशोधन नव्हे. पण विद्यापीठाच्या किंवा संस्थेच्या कामासाठी येणार असाल तर आधी वकिलातीत विचारा.

तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची: पणजोबांचा दगड इस्राएलला न्यायचा, अशी इच्छा काही घरांत बोलून दाखवली जाते. तिच्यामागचं प्रेम मला कळतं. पण पुरावस्तू आणि कलानिधी कायदा 1972 प्रमाणे शंभर वर्षांहून जुनी कोरीव वस्तू आणि पंच्याहत्तर वर्षांहून जुनं महत्त्वाचं हस्तलिखित देशाबाहेर नेता येत नाही. जुना सेफेर तोरा, हाताने लिहिलेली प्रार्थनेची वही, हे सगळं बॅगेत टाकण्याआधी पुरातत्त्व खात्याला विचारावं लागतं. आणि कायदा बाजूला ठेवला, तरी दगड उचलला की ती कबर बिननावाची होते. मग उद्या कोणी म्हणालं की इथे दफनभूमी नव्हतीच, तर दाखवायला काय उरलं?

दगड वाचताना

आपल्या सगळ्यात जुन्या कबरींवर अक्षरं नसतात, नुसता दगडांचा चौथरा असतो. त्यामुळे रानात पाय टाकताना सपाट दगड दिसला की त्यावर बसू नका, सामान ठेवू नका. पुढच्या काळातल्या कबरींवर हिब्रू आणि मराठी दोन्ही सापडतात, काहींवर इंग्रजीही.

वरती 'पे-नून' ही दोन हिब्रू अक्षरं असली तर अर्थ 'इथे पुरलं आहे'. शेवटी 'ताव-नून-त्सादे-बेथ-हे' अशी पाच अक्षरं म्हणजे मृताचा आत्मा जीवनाच्या गाठोड्यात बांधलेला राहो, ही प्रार्थना. साल अक्षरांत असतं. ताव 400, रेश 200, मेम 40, हे 5, बेरीज 645. त्यात 1240 मिळवा: 1885. तिश्रीपासून डिसेंबरअखेरपर्यंतची तारीख असेल तर एक वर्ष कमी करा. मराठीत शके लिहिलं असेल तर 78 मिळवा: शके 1807 म्हणजे 1885. नावं पाहताना सामाजी म्हणजे शमुवेल, हसाजी म्हणजे यहेज्केल, मुसाजी म्हणजे मोशे हे ध्यानात असू द्या. हिब्रू बाजूला एक आणि मराठी बाजूला दुसरं नाव दिसलं तर ते बहुधा एकच माणूस.

अक्षरं पुसट असली की लोक खडू, पीठ, तेल, नाही तर आम्ल घेऊन बसतात आणि तारेच्या ब्रशने घासतात. यातलं काहीही करू नका. दगडाचा वरचा पापुद्रा निघाला की अक्षर कायमचं गेलं. साधं पाणी आणि मऊ ब्रश एवढंच. त्याहून चांगला उपाय उजेडाचा आहे. सकाळी किंवा संध्याकाळी तिरपं ऊन पडतं तेव्हा पुसट अक्षरंही उठून दिसतात. भर दुपारी आलात तर आरशाने ऊन बाजूने पाडा किंवा सावली धरून फोनची बॅटरी दगडाला टेकवून बाजूने मारा.

चौथऱ्याच्या सांध्यातून पिंपळ किंवा उंबर उगवला असेल तर उपटू नका, मुळांबरोबर दगड निखळतात. रोप मुळाशी कापा आणि ट्रस्टला कळवा.

प्रत्येक कबरीला वहीत क्रमांक द्या. समोरून एक फोटो, बाजूने एक, अक्षरांचा जवळून एक. जागेचा साधा नकाशा काढा: फाटक कुठे, विहीर कुठे, मोठं झाड कुठे. दोन प्रती करा. एक सिनेगॉगला द्या, एक घरी ठेवा. तारखेसकट काढलेले असे फोटो आणि सातबारा एकत्र असले की जमिनीच्या वादात ट्रस्टच्या हातात काहीतरी असतं. सुटी पडलेली जुनी वस्तू दिसली तर तिचा ठावठिकाणा फेसबुकवर टाकू नका. मुकादमांना सांगा.

घरात कोहेन जावई असेल तर तो कुंपणाबाहेर थांबेल, त्याची सोय आधी पाहा. आत खाणं-पिणं नाही, बाहेर आल्यावर हात धुवायचे. शनिवार वगळून दिवस ठरवा, हे सांगायला नकोच. आणि अलिबागजवळच्या खंडाळ्याला 'एलियाहू हन्नाबीचा टापा' पाहायला जाणाऱ्यांनी लोणावळ्याच्या खंडाळ्याला पोहोचू नये! ती जागा ओसाड नाही, तिथे आजही मलिदा होतो. तिथल्या शिस्तीने वागा.

आता नर्सबाईंचं ऐका

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा. पावसाळ्यात रान छातीएवढं वाढतं, विहिरीचं तोंड दिसत नाही आणि चिखलपाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो. पायाला जखम असेल तर साचलेल्या पाण्यात उतरूच नका. धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन दहा वर्षं झाली असतील तर येण्याआधी घ्या.

एकट्याने जाऊ नका. किमान तिघं जा, त्यातला एक गावचा. घोट्यावर येणारे बूट, जाड लांब पँट, हातात काठी. काठी पुढे आपटत चालायचं. दगडांच्या फटीत हात घालायचा नाही, पडलेला दगड उलटायचा नाही. सेंट लावू नका, झाडावर आग्या मोहोळ असेल तर आवाज आणि धूर नको. मधमाश्या उठल्याच तर तोंड झाकून सरळ गाडीकडे पळा, उभं राहून हात झटकू नका. खाजकुयलीच्या शेंगांना आणि बिब्ब्याला हात लावू नका.

कोकणात चार विषारी साप ओळखीचे: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. फुरसं अगदी लहान, दगडाखाली, पालापाचोळ्यात. साप चावला तर बांधायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही, मांत्रिकाकडे जायचं नाही. माणसाला झोपवा, धीर द्या, अंगठ्या-बांगड्या काढा, चावलेला हात किंवा पाय फळी लावून हलणार नाही असा ठेवा, वेळ लिहून ठेवा आणि 108 ला फोन करा. भारतातलं प्रतिसर्पविष या चारही सापांवर चालतं, त्यासाठी साप मारून आणायची गरज नाही. मण्यारचा दंश दुखत नाही, म्हणून 'काही झालं नाही' म्हणत घरी बसू नका. पापण्या जड होणं, हिरड्यांतून रक्त येणं, ही थांबण्याची लक्षणं नव्हेत.

विंचवाबद्दल वेगळं सांगते, कारण जुन्या दगडाखाली सापापेक्षा तो जास्त भेटतो. कोकणातला लाल विंचू पूर्वी माणसं मारत असे, लहान मुलं तर फार. रायगड जिल्ह्यातल्याच महाडला डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी 1980 च्या दशकात असे रुग्ण एकेक करून अभ्यासले आणि प्राझोसिन नावाच्या रक्तदाबाच्या साध्या गोळीने ते वाचतात हे 'लॅन्सेट'मध्ये छापून जगाला दाखवलं. 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली. विंचू चावल्यावर नुसतं दुखत असेल तरी दवाखान्यात जा. दरदरून घाम, उलटी, हातपाय गार पडणं यातलं काही दिसलं तर एक मिनिटही थांबू नका. मुलं बरोबर असतील तर लक्षणांची वाटच पाहू नका.

पडक्या घरात किंवा सिनेगॉगमध्ये माळ्यावर चढू नका. वाळवी तुळई आतून पोखरते आणि वरून रंग तसाच राहतो. खाली जमीन पोकळ लागली तर मागे फिरा. वटवाघळांची घाण असेल तिथे नाकावर मास्क ठेवा.

आपल्या वयाच्या मंडळींना एक विनंती. रक्तदाबाची, साखरेची गोळी सकाळी घेऊन निघा, प्रत्येकी दोन लिटर पाणी घ्या, अकराच्या आत काम उरका. गावाचं नाव, वाटाड्याचा फोन आणि परत येण्याची वेळ लिहून एक चिठ्ठी हॉटेलात ठेवा. अलिबागला जिल्हा रुग्णालय आहे. तुम्ही जाणार त्या गावापासून जवळचं सरकारी रुग्णालय कोणतं, आणि तिथे प्रतिसर्पविष आहे का, हे आदल्या दिवशी फोन करून विचारून ठेवा.

येताना काय आणायचं

एका दिवसात कोणी दफनभूमी साफ करू शकत नाही, आणि करूही नये. एका दिवसात वीस कबरी नीट वाचून होतात, सातबाऱ्याची प्रत काढून होते, शेजारच्या घराशी ओळख होते आणि मुकादमांना पत्र देऊन होतं. पुढच्या वर्षी दुसरं कुटुंब पुढच्या वीस वाचेल. ज्या जागेला वर्षातून एकदा तरी नाव घेऊन कोणी विचारायला येतं, त्या जागेवर हात टाकायला माणूस दहा वेळा विचार करतो.

या हिवाळ्यात जी मंडळी निघणार आहेत, त्यांनी आपल्या आडनावाचं गाव, तालुका आणि गट नंबर माहीत असेल तर मला कळवावा. एकाच गावाचे दोन-तीन जण निघाले तर तुमची गाठ घालून देईन. वही एकच करा, म्हणजे तीच कबर दोनदा मोजली जाणार नाही.